अँटिबायोटिकचा कोर्स संपून दोन आठवडे झाले आणि आता वडिलांना जुलाब सुरू झालेत. त्या गोळ्यांमुळे असेल का?

हो, असू शकतं. वडील ६८ वर्षांचे आहेत आणि दिवसातून सहा-सात वेळा जावं लागतंय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आजच डॉक्टरांकडे न्या. कोणती गोळी होती, किती दिवस घेतली, कधी संपली, हे त्यांनी विचारायची वाट न पाहता सांगा. आम्ही ते सांगितलं नाही आणि आईचे चार दिवस फुकट गेले.

तिच्या दाढेखाली पू झाला होता. पेनिसिलिन चालत नाही म्हणून क्लिंडामायसिन मिळालं. दाढ बरी झाली, आणि दहा-बारा दिवसांनी जुलाब लागले. गोळ्या उष्ण पडल्या असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं. ताकभात झाला, डाळिंबाचा रस झाला, शेवटी मीच केमिस्टकडून लोपेरामाइड, म्हणजे जुलाब बांधणारी गोळी, आणलं. जुलाब थांबल्यासारखे वाटले, पण पोट टम्म फुगलं आणि ताप चढला. पहिल्या दवाखान्यात दाढेचा विषयच निघाला नाही. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी बसल्या बसल्या विचारलं, "गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठली अँटिबायोटिक घेतली होती?" शौच तपासल्यावर क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जंतू निघाला.

त्यांनी समजावलं ते असं. मोठ्या आतड्यातले जिवाणू पित्तातल्या आम्लांचं रूप बदलतात, आणि त्या बदललेल्या आम्लांत हा जंतू वाढू शकत नाही. अँटिबायोटिकने ती वस्ती विरळ झाली की मूळ आम्लं तशीच उरतात आणि याच्या बीजाणूंना, म्हणजे टणक कवचात निपचित पडलेल्या रूपाला, मटकीसारखे मोड येतात. मग त्याची विषं आतड्याचं अस्तर सोलून काढतात. अशा वेळी जुलाब बांधणारी गोळी दिली तर ते विष आत कोंडण्याची भीती असते. हे ऐकताना मला त्या लोपेरामाइडची फार टोचणी लागली.

उपचार म्हणजे पुन्हा अँटिबायोटिकच, व्हँकोमायसिन, पण पोटातून घ्यायचं. तसं घेतलं की ते रक्तात फारसं शिरत नाही, आतड्यातच राहून काम करतं. वॉर्डात मी सॅनिटायझर हातावर घेतलं तर नर्सताईंनी मला बेसिनकडे पाठवलं. या बीजाणूंना अल्कोहोलने काही होत नाही, साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळावे लागतात. घरी संडासही ब्लीचने पुसून घ्यायचा.

सगळेच जुलाब यातले नसतात. बहुतेक वेळा गोळ्या संपल्यावर पोट आपोआप ताळ्यावर येतं. पण कोर्स संपल्यानंतर सुरू झालेले, वयस्कर माणसाचे, तेही इतक्या वेळा, हे अंगावर काढू नका. ताप, रक्त किंवा पोटफुगी असेल तर सरळ हॉस्पिटल गाठा.

गोळ्यांची रिकामी पट्टी शोधून सोबत न्या. आईची तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात सापडली, चष्म्याच्या फडक्यात गुंडाळलेली.