सांगलीत पहिला ट्यूब कॉम्बो घ्यायचाय, १५ वॅट की ४०? आणि आपल्या लाइटीवर तो टिकतो का?

तुमचा प्रश्न खरा एवढाच आहे. विश्रामबागेत फ्लॅट, हातात टेलिकास्टर गिटार, घरी सराव, महिन्यातून एखादा कार्यक्रम, आणि ईएल८४ ट्यूबचा (ट्यूब म्हणजेच व्हॉल्व्ह) १५ वॅटचा कॉम्बो, म्हणजे स्पीकरसकट एका खोक्यातला गिटार अ‍ॅम्प, की ६एल६ ट्यूबचा ४० वॅटचा, यावर अडलंय. त्याचं उत्तर चार ओळींत झालं असतं. पण शेवटी तुम्ही शेपूट जोडलंय, "सगळे म्हणतात ट्यूब नाजूक, आपल्या लाइटीवर टिकत नाही." हे सगळे म्हणजे कोण ते ठाऊक आहे. एक कीबोर्डवाला आणि एक साउंडवाला. त्यामुळे आता लांबण लागणार.

आधी त्या चार ओळी. १५ वॅट घ्या. आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. १५ आणि ४० मधला फरक जेमतेम ४ डेसिबल आहे. त्यातले ३ डेसिबल नुसता स्पीकर बदलून मिळतात. सेलेस्टियन कंपनीचा ग्रीनबॅक स्पीकर ९८ डेसिबलचा (१ वॅट दिला की मीटरभरावर एवढा आवाज), व्हिंटेज ३० हा १०० चा. ९७ चा स्पीकर काढून १०० चा बसवला की १५ वॅटचा अ‍ॅम्प ३० वॅटचं काम करतो. दुकानात सगळे वॅट विचारतात, हा आकडा कोणी विचारत नाही. आणि स्पीकर १२ इंचीच घ्या. ८ इंचीवर टेलिकास्टरची जाड ई तार डबड्यात वाजल्यासारखी येते.

नावं हवीत तर फेंडरचा ब्लूज ज्युनियर (ईएल८४ ची जोडी, १५ वॅट, उचलायला हलका), व्हॉक्सचा एसी१५ (तोच व्हॉल्व्ह, पण बायस, म्हणजे ट्यूबमधून एरवी किती करंट वाहू द्यायचा ते, कॅथोडवरच्या रेझिस्टरने आपोआप ठरतं; वजनदार, चार मजले चढवून बघा मग बोला), आणि रॉक वाजवत असाल तर मार्शलचा डीएसएल२०, ज्यात ईएल३४ ची जोडी आहे आणि २० वॅटवरून १० वर आणायची सोय आहे. टेलिकास्टरला एसी१५ शोभतो. सतारीची जवारी असते ना, तसं आहे हे: सूर फुटायच्या किंचित अलीकडे तो चरचरायला लागतो, आणि ती जागा १५ वॅटच्या अ‍ॅम्पवर हाताच्या आवाक्यात असते. ४० वॅटवर तिथे पोचेपर्यंत शेजारी दारात येतात.

आता नाजूकपणाचं. गणपती झाल्यावर दुरुस्तीच्या टेबलावर आलेला ४० वॅटचा एक कॉम्बो बघा. कंपनीचं नाव देत नाही, कारण तिचा यात काडीचा दोष नाही. सोबत आलेला निरोप: "ट्यूब गेलीय, नाजूकच असतात." मागची जाळी काढली तर ६एल६ पैकी एक रशियन, दुसरी चिनी. रशियन ट्यूब आतून शॉर्ट, तिच्या स्क्रीनचा (आतल्या एका जाळीचा) ४७० ओहमचा रेझिस्टर जळून कोळसा, आणि मेन्स ट्रान्सफॉर्मरला जळक्या व्हार्निशचा वास. प्रायमरी, म्हणजे लाइटीच्या बाजूचं वाइंडिंग, तुटलेलं. मग फ्यूज का गेला नाही? फ्यूजच्या कॅपमध्ये फ्यूज होता, पण त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती.

हे कसं घडतं ते नीट समजून घ्या, कारण १५ वॅट घेतला तरी तुमच्याकडेही हेच घडू शकतं. मागच्या पाटीवर फ्यूजपाशी लिहिलेलं असतं टी १ ए. टी म्हणजे सावकाश जाणारा फ्यूज. चालू करताना ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर क्षणभर मोठा करंट ओढतात, तो सहन करायला हा फ्यूज असतो. टीव्ही रिपेअरच्या दुकानात १ अँपियरचा मागितला की बहुतेक वेळा एफ, म्हणजे झटक्यात जाणारा, हातात पडतो. तो चालू करतानाच उडतो. मग माणूस म्हणतो अ‍ॅम्प जास्त खातोय, आणि ३ अँपियरचा टाकतो. तो टिकतो, पण आता तो राखण करत नाही. पुढे कधीतरी खराच बिघाड होतो, ३ अँपियरचाही उडतो, कार्यक्रम दहा मिनिटांवर असतो, आणि चांदी निघते. चहाच्या भावातल्या काचेच्या नळीसाठी सबंध ट्रान्सफॉर्मर गेला.

त्यात मंडपाची लाइट. आकडा टाकलेला, डीपी मंडपाच्या पाठीलाच, आणि शेतीपंपांची थ्री फेज गेली की उरलेल्या लाइनवर व्होल्टेज चढतं. साउंडवाल्याच्या रॅकवरच्या मीटरला त्या रात्री २६० दिसत होते, हे त्यानेच सांगितलं. हिशेब करा. २३० ला ६.३ व्होल्ट मिळणारा हीटर (ट्यूब तापवणारी आतली तार) २६० ला ७.१ वर जातो. व्हॉल्व्हला १० टक्के वरखाली चालतं, म्हणजे ६.९ पर्यंत. ट्यूबची ४२० व्होल्टची प्लेट (करंट गोळा करणारा बाहेरचा पत्रा) ४७५ वर जाते. त्यातून जोडी न जुळवलेली, बायस न लावलेला. एका ट्यूबने दुसरीचाही भार घेतला, तिची प्लेट लालबुंद झाली, मग करंट आणखी वाढला, मग शॉर्ट. आता सांगा, नाजूक कोण?

ट्रान्सफॉर्मर परत बांधता येतो, आणि ही एक गोष्ट आपल्या भागात पुण्या-मुंबईपेक्षा सोपी आहे. पंपाच्या मोटारी भरणारे कारागीर इथे पैशाला पासरी आहेत, त्यांना मेन्स ट्रान्सफॉर्मर म्हणजे किरकोळ काम. फक्त सांगताना आकडे द्या. हीटरचा करंट: ६एल६ ला ०.९ अँपियर, दोनचे १.८; १२एएक्स७ ला, म्हणजे पुढच्या छोट्या ट्यूबला, ०.३, तीनचे ०.९, एकूण २.७. तार ४ अँपियरची मागा. प्रायमरीला २३० शिवाय २५० चा टॅप (वेगळं टोक) काढून घ्या, आपल्याकडे तोच कामी येतो. हाय टेन्शनच्या, म्हणजे प्लेटला व्होल्टेज देणाऱ्या, वाइंडिंगचे टर्न जुन्यावरून मोजायला लावा, अंदाजाने नको. आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूब आणि स्पीकरमधला) मात्र त्यांच्याकडे देऊ नका. त्यात प्रायमरी आणि सेकंडरी थरांनी एकाआड एक बसवलेली असतात. सरळ भरून दिला तर वाजतो, पण वरचे सूर मरतात.

नवी जोडी जुळवलेलीच घ्यायची आणि बायस लावायचा. प्रत्येक कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर घातला की मीटरवर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपियर. ६एल६जीसी ची मर्यादा ३० वॅट. पुस्तकी नियम ७० टक्क्यांचा, पण मंडपात जाणाऱ्या अ‍ॅम्पला ६० टक्केच ठेवावेत: १८ वॅट भागिले ४२० व्होल्ट, म्हणजे ४३ मिलिअँपियर. व्होल्टेज चढलं तरी मग अंगात जागा राहते. स्क्रीनचे रेझिस्टर २ वॅटचे, मेटल ऑक्साइडचे.

आता तुमचा फ्लॅट. दोन पैशांचा मल्टीमीटर आणा आणि एसी व्होल्टवर ठेवून ज्या सॉकेटला अ‍ॅम्प लावणार तिथे मोजा. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिले दोन जवळपास सारखे यायला हवेत, तिसरा २-३ व्होल्टच्या आत. फेज-अर्थला ८०-१०० असं काहीतरी आलं तर तुमच्याकडे अर्थिंग नावालाच आहे. मग हम (घूं असा सततचा आवाज) येणार, आणि तारांवर हात ठेवून माइकला ओठ लावला की झटका बसणार. यावर साउंडवाल्यांचा रामबाण म्हणजे जाड पिन काढून टाकणे. हम कमी होतोही कधीकधी. पण आत एक वायर सुटून चेसिसला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला, लागली की गिटारच्या तारा म्हणजे फेज. त्या पिनवरून मंडपात झालेले वाद मोजायचे नाहीत; ज्याला पिन कापायची आहे त्याने माइकपाशी स्वतः उभं राहावं, मग कापावी. बंगला असेल तर अर्थिंगच्या खड्ड्यात मार्चपासून पाणी ओता. काळी माती भेगाळली की पट्टीला मातीचा स्पर्शच राहत नाही.

इन्व्हर्टरवर वाजवणार असाल तर तो साइन वेव्ह आहे ना ते बघा. जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर २३० दाखवतो, हीटर व्यवस्थित पेटतात, पण त्याचं शिखर २३० लाच संपतं. खऱ्या लाइटीचं ३२५ पर्यंत जातं. प्लेटचं व्होल्टेज शिखरावर ठरतं, त्यामुळे ते ७० टक्क्यांवर येतं आणि वर किर्र आवाज. मग लोक म्हणतात ट्यूबमध्ये दम नाही.

अमेरिकेतला भाऊ स्वस्तात आणून देतो म्हणाला तर आधी पाठीवरची पाटी वाचायला सांगा. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर नको. स्टेपडाउन लावून चालेल, पण बाजारातले बरेच स्टेपडाउन दोन पिनचे असतात, अर्थ तिथेच तुटतो. आणि ६० हर्ट्झवर नेमका बेतलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. मोबाइलच्या चार्जरसारखं "१०० ते २४०" यांच्यात नसतं.

नवा बॉक्स घरी आला की लगेच चालू करू नका. मागची जाळी काढून व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये घट्ट आहेत का बघा. ट्रकच्या धक्क्यांनी सैल होतात. स्पीकरची पिन पूर्ण आत हवी. स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी उडते, आणि ती दुरुस्ती महाग. मग चालू करून पेन्सिलच्या लाकडी टोकाने छोट्या व्हॉल्व्हवर हलकेच टिचक्या मारा. टणटण आवाज स्पीकरमधून आला तर तो ईसीसी८३ (१२एएक्स७ चंच दुसरं नाव) मायक्रोफोनिक आहे, बदलून मागा. काचेत निळी झाक दिसली तर घाबरू नका. वरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर मात्र हवा शिरलीय, व्हॉल्व्ह मेला.

जुना घेणार असाल तर सांगलीत एक जास्तीची तपासणी आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचं काय काय पाण्यात गेलं ते सांगायला नको. खोक्याचे खालचे कोपरे दाबून बघा, भुश्श्याच्या पाट्या फुगलेल्या असतात, आणि चेसिसच्या आत टॉर्च मारा; गाळाची बारीक रेघ पुसून जात नाही. असा अ‍ॅम्प फुकटही नको.

पावसाळ्यात आवाज मधूनच अर्धा झाला तर दुकानात पळू नका. मागे इफेक्ट्स लूपचे, म्हणजे बाहेरचे इफेक्ट जोडायचे, सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक असतात, त्यांच्यात एक छोटी केबल टाका. आवाज परत आला तर रिटर्न जॅकच्या आतली पट्टी गंजलीय. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग दहा-बारा वेळा आतबाहेर करा. ट्यूब गेली म्हणून टेबलावर येणाऱ्यांत हे असतंच.

वर १५ वॅट घ्या म्हटलंय, पण त्यात एक गोम आहे. ईएल८४ ची प्लेट ३०० व्होल्ट आणि १२ वॅटपर्यंतची, आणि बरेच कॉम्बो तिला कारखान्यातूनच त्या काठावर पळवतात. ब्लूज ज्युनियरला तर बायस फिरवायला स्क्रूही नाही. म्हणजे चढलेल्या व्होल्टेजचा फटका ६एल६ पेक्षा हिला लवकर. तुमच्या मीटरला रात्री २४५ च्या वर दिसत असेल तर ५०० व्हीए चा स्टॅबिलायझर घ्या, आणि तो अ‍ॅम्पपासून चार हात लांब ठेवा, नाहीतर टेलिकास्टरचे सिंगल कॉइल पिकअप त्याचाच हम पकडतात. चेसिस उघडून वरचे प्रयोग स्वतः करायचे नाहीत, हे आधी सांगायला हवं होतं. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्ट बसून असतात. आणि सराव रात्री ११ नंतरच होणार असेल, तर १५ वॅटसुद्धा जास्तच. १ वॅटलाच ग्रीनबॅक मीटरभरावर ९८ डेसिबल देतो. तशा घरात मॉडेलिंगचा, म्हणजे ट्यूबची डिजिटल नक्कल करणारा, अ‍ॅम्प आणि हेडफोन बरा, कीबोर्डवाल्याला सांगू नका.

बाकी, ईएल८४ हा व्हॉल्व्ह काही गिटारवाल्यांनी शोधलेला नाही. रेडिओच्या आउटपुटला तो सर्रास असायचा, आणि व्हॉल्व्ह तर आपल्याकडे बंगळुरूत भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही बनवले. गावोगावी डिमडिम लाइटीवर ते रेडिओ वर्षानुवर्षं वाजले. अ‍ॅम्प घ्याल त्याच दिवशी पाटीवरचा आकडा बघून टी फ्यूज पाच आणा आणि एका डबीत घालून खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवून टाका.