ती मुळातच सकाळची नाही

ताई, नमस्कार.

मी ३९ वर्षांचा आहे. डोंबिवलीला राहतो, ऑफिस विक्रोळीला. लहानपणापासून माझं डोकं रात्रीच चालतं. बारावीचा अभ्यास रात्रीचा, नोकरीतली महत्त्वाची कामंही रात्रीचीच. रात्री दहाला एक कडक चहा घेतला की माझा खरा दिवस सुरू होतो. एक-दीडच्या आत झोप येत नाही आणि सव्वाआठच्या आत उठवत नाही. घरात सगळे मला सूर्यवंशी म्हणतात. आता डॉक्टरांनी वजन कमी करायला आणि सकाळी चालायला सांगितलंय. १ जानेवारीला निश्चय करून पाचचा गजर लावला. तीन-चार दिवस उठलो, दिवसभर पेंगलो, रविवारी अकरापर्यंत झोपलो आणि नाद सोडला.

बायको मुळातच सकाळची आहे, त्यामुळे घराचं काही अडत नाही. ती पावणेपाचला उठते. पोळ्या-भाजी, तिघांचे डबे, पावणेसहाला पाणी येतं ते भरणं, मुलीचं (सहावीत आहे) आवरून तिला सातच्या बसला सोडणं, हे सगळं उरकून साडेआठची लोकल पकडते. ती बँकेत आहे. रात्री साडेअकराला आडवी झाली की लगेच झोपते, त्यामुळे आमचं बोलणंही होत नाही. माहेरी गेली की मात्र बहिणीशी गप्पा मारत बारापर्यंत जागते आणि सकाळी नऊपर्यंत झोपते, तिथे लाडच असतात! असो. माझा प्रश्न असा की, जन्मजात निशाचर माणूस सकाळी उठणारा होऊ शकतो का? की ही प्रकृती बदलतच नाही?

एक सूर्यवंशी, डोंबिवली

* * *

सूर्यवंशी, नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या त्या 'असो'पाशी मी अडले. त्याच्या आधीचं वाक्य तुम्ही एक उद्गारचिन्ह लावून सोडून दिलंत. माहेरी गेली की नऊपर्यंत झोपते. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या वाक्यात आहे, आणि इतकी वर्षं एका घरात राहून ते तुम्हाला दिसू नये याचा मला राग आला आहे.

मुळातच सकाळची असलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. एखाद्या घरातले आजोबा, एखादी मावशी. लग्नघरात रात्री एक वाजता पाठ टेकली तरी त्यांचे डोळे साडेपाचला उघडतात. गजर नसला, सुट्टी असली, कुणी 'झोपा हो अजून' म्हटलं, तरी त्यांना पडून राहवत नाही. आणि रात्री साडेनऊला बोलता बोलता त्यांची मान कलते. तुमची बायको यात कुठे बसते? साडेअकराला ती आडवी होते कारण तोवर ओटा आवरून होतो. पावणेपाचला उठते कारण पावणेसहाला पाणी येतं आणि सातला बस येते. नळ नाही, बस नाही, डबे नाहीत अशा घरी गेली की बारापर्यंत जागते आणि नऊला उठते. याला तुम्ही लाड म्हणता. मी म्हणेन, तेवढेच चार दिवस तिचं शरीर तिचं असतं.

साडेअकरा ते पावणेपाच म्हणजे सव्वापाच तास. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. रोज जवळजवळ दोन तासांची तूट, आठवड्याला बारा-तेरा तास. तुम्ही मात्र दीड ते सव्वाआठ झोपता, म्हणजे पावणेसात तास. तुमच्या घरात झोपेची तक्रार करण्याचा पहिला हक्क कुणाचा आहे ते तुम्हीच बघा.

झोपेच्या वेळांवर आयुष्यभर काम केलेले म्युनिकचे शास्त्रज्ञ टिल रोनेबर्ग यांनी २००६ मध्ये सहकाऱ्यांबरोबर एक साधं मोजमाप मांडलं. कामाच्या दिवशी तुमच्या झोपेचा मध्य कधी येतो आणि मोकळ्या दिवशी कधी येतो ते बघायचं, आणि दोन्हींतलं अंतर काढायचं. त्याला ते सोशल जेटलॅग म्हणतात. तुमच्या बायकोच्या झोपेचा मध्य घरी रात्री दोनच्या पुढे जेमतेम सात-आठ मिनिटांवर येतो आणि माहेरी साडेचारला. अंतर दोन तास वीस मिनिटांहून जास्त. थकवा भरून काढण्यात काही वेळ जात असेल, तो वजा करा, तरी उरतं ते कमी नाही. मुंबई आणि मॉस्कोच्या घड्याळांत अडीच तासांचा फरक आहे. ही बाई जवळजवळ मॉस्कोच्या वेळेने झोपू पाहणारं शरीर रोज डोंबिवलीच्या नळापाशी उभं करते.

त्यात आपली घड्याळं भारतीय प्रमाणवेळेची, म्हणजे ८२.५ अंश रेखांशाची. मुंबईचा सूर्य त्याच्या सुमारे ३९ मिनिटं मागे असतो. १९५५ पर्यंत मुंबईत 'मुंबई टाइम' म्हणून तेवढंच मागे असलेलं घड्याळ वापरात होतं. शरीर चालतं सूर्यावर. तेव्हा तिचा पावणेपाचचा गजर सूर्याच्या हिशेबाने चारच्या पुढे पाच-सात मिनिटांवर वाजतो.

'लवकर निजे लवकर उठे' आपण सगळेच लहानपणी घोकलंय. तिच्या वाट्याला त्यातलं फक्त 'उठे' आलं. म्हणूनच ती सकाळची झालेली नाही. ती उठते, एवढंच. या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि तुम्हाला खरोखर सकाळचं व्हायचं असेल तर हे अंतर आधी समजून घ्या. जानेवारीत तुम्हीही फक्त उठलात.

आता तुमचा प्रश्न. हो, निशाचर माणूस सकाळकडे सरकू शकतो. ब्राह्ममुहूर्तावर प्रसन्न होऊन बसणारा होईल असं मी म्हणत नाही, पण दीड-दोन तास अलीकडे नक्की येऊ शकतो. प्रकृती असते हेही खरं आहे. मेंदूत डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या किंचित वर पेशींचा एक बारीकसा पुंजका आहे, तो आपलं घड्याळ चालवतो. ते बरोबर २४ तासांचं नसतं, बहुतेकांचं थोडं जास्तच असतं, सरासरी २४.२ तासांच्या आसपास. म्हणजे मोकळं सोडलं तर ते रोज थोडं उशिराकडे घसरणार. त्याला रोज जागेवर आणतो तो सकाळचा उजेड. रात्रीचा उजेड त्याला आणखी उशिरावर ढकलतो.

जन्मजात म्हणालात म्हणून सांगते. २०१९ मध्ये जवळजवळ सात लाख माणसांच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सकाळ-संध्याकाळच्या कलाशी संबंधित ३५१ जागा सापडल्या. मग सकाळकडे झुकवणारे फरक ज्यांच्यात सर्वांत जास्त आणि ज्यांच्यात सर्वांत कमी, अशा दोन टोकांच्या माणसांची झोप मोजली. दोन्ही गटांच्या झोपेच्या वेळांत सरासरी फरक निघाला २५ मिनिटांचा. तुम्ही सव्वाआठला उठता. त्यातली पंचवीस मिनिटं पूर्वजांच्या नावावर टाका, हवं तर आणखी थोडी टाका. बाकीची कडक चहाची, ट्यूबलाइटची, मोबाइलची आणि घराचं काही अडत नाही याची आहेत.

त्याच वर्षी आणखी एक लहान अभ्यास आला, फक्त २२ जणांचा. सगळे पक्के निशाचर, रात्री अडीचला झोपणारे आणि सव्वादहाला उठणारे. त्यांना तीन आठवडे नेहमीपेक्षा दोन-तीन तास लवकर उठायला सांगितलं. सकाळी भरपूर बाहेरचा उजेड घ्यायचा, उठल्यावर लगेच खायचं, दुपारी तीननंतर चहा-कॉफी नाही, रात्री दिवे कमी, आणि सुट्टीच्या दिवशीही याच वेळा. तीन आठवड्यांत त्यांचं शरीराचं घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे आलं आणि झोपेचे एकूण तास कमी झाले नाहीत. औषध नाही, काही विकत घेणं नाही.

तुमचा जानेवारीचा बेत फसायचाच होता, त्यात तुमच्या निश्चयाचा दोष कमी आहे. नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन-तीन तास शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं. तुमच्या बाबतीत ते सव्वापाच ते सव्वासहाच्या दरम्यान कधीतरी होत असणार. त्याच्या नंतरचा उजेड झोप अलीकडे ओढतो, आधीचा उजेड ती उलट पुढे ढकलतो. तुम्ही पाचला उठून घरातले सगळे दिवे लावलेत. बाहेर मिट्ट काळोख, कारण जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास वर येतो. झोपायची वेळ तीच राहिली, आणि रविवारी अकरापर्यंत झोपून जे काही सरकलं असेल तेही परत केलंत.

आता शाळा सुरू झाल्या आहेत आणि जूनमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं. याहून चांगला मुहूर्त मिळणार नाही. उद्यापासून मुलीची सकाळ तुमची. सव्वासहाला उठायचं, तिला उठवायचं, दूध द्यायचं, वेण्या घालायच्या, दप्तर-डबा-पाण्याची बाटली बघायची आणि सातच्या बसला सोडायचं. बस गेली की घरी यायचं नाही. अर्धा तास तिथूनच चालायला जायचं. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणंही त्यातच होईल. घरी येऊन नाश्ता करायचा. शनिवार, रविवार, गणपती, दिवाळी, वेळ सव्वासहाचीच. बस नसेल त्या दिवशी दूध आणायला जा.

अॅप नको, पाच-पाच मिनिटांनी वाजणारे गजर नकोत. तुम्हाला उठायला कारण नव्हतं म्हणून तुम्ही उठत नव्हता. चालायला गेलं नाही तर कुणाचंच अडत नाही. बस मात्र थांबत नाही. तुमची बायको इतकी वर्षं ज्या एका गोष्टीच्या जोरावर उठते आहे, ती तुम्हालाही मिळाली पाहिजे.

रात्रीचं डोकं चालतं म्हणालात ना, ते वाया घालवू नका. दहाचा चहा बंद, कारण त्यातलं कॅफीन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. त्या वेळात दुसऱ्या दिवशीची भाजी निवडून चिरून ठेवा, कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवा, ओटा पुसा. तुम्ही ओट्याशी असाल तर ती साडेदहाला झोपू शकेल. सकाळी मुलीचं आवरणं आणि चिराचिरी दोन्ही तिच्या डोक्यावर नसेल, तेव्हा तिचा गजर पावणेपाचवरून साडेपाचवर जाईल. सात तास पूर्ण. तीन आठवड्यांनी, तुमची झोप बसली की पावणेसहाचं पाणीही तुम्ही घ्या. तोवर तेवढं तिच्याकडे राहू दे. अकराला दिवे बंद, फोन दुसऱ्या खोलीत. सुरुवातीचे चार-सहा दिवस अकराला झोप येणार नाही. अंधारात पडून राहा. सकाळी सव्वासहा चुकवायचे नाहीत आणि दिवसा डुलकी काढायची नाही, मग रात्री झोप आपोआप अलीकडे येते.

सहा आठवडे हे सगळं प्रामाणिकपणे करूनही दोन-तीनच्या आत डोळा लागलाच नाही, तर झोपेच्या डॉक्टरांना दाखवा. झोपेचं चक्रच खूप पुढे गेलेली माणसं असतात, त्यातल्या काही घरांमध्ये त्यामागचा जनुकातला बदलही सापडला आहे. पण तुमचं पत्र वाचून तुम्ही त्यांच्यातले आहात असं मला वाटत नाही. तुमचं निशाचरपण दुसऱ्या कुणाच्या तरी पहाटेवर चाललं आहे.

तिच्याशी बोलणं होत नाही असं तुम्ही लिहिलंत. ते वाक्य वाचून मला वाईट वाटलं, कारण त्यात खरी ओढ आहे. पण सव्वापाच तास झोपणाऱ्या माणसाकडे रात्री साडेअकराला बोलायला काही उरत नाही. साडेसातला तुम्ही चालून घरी याल तेव्हा तिला निघायला अजून वेळ असेल. दोघांचा चहा एकत्र घ्या.

आज रात्री तिला सांगा की, उद्यापासून पोरीचं मी बघतो, तू साडेपाचचा गजर लाव. तिला खरं वाटणार नाही, ती पावणेपाचलाच उठेल आणि बसपर्यंत तुमच्यावर लक्ष ठेवेल. जानेवारी तिनेही पाहिलाय. वाद घालू नका, आठ दिवस जाऊ द्या. पहिल्या आठवड्यात वेण्या वाकड्या होतील, एखाद दिवशी ओळखपत्र घरी राहील. तिला हाक मारायची नाही, काय कुठे ठेवलंय हे विचारायचं नाही, मुलीला विचारा, तिला सगळं माहीत असतं. आणि बस चुकलीच, तर रिक्षा करून शाळेत तुम्ही सोडायचं.