पहिली मॅरेथॉन झाल्यावर रडू येणं आणि नंतर आठवडाभर रिकामं रिकामं वाटणं नॉर्मल आहे का? दुसरी कधी पळावी?

एकदम नॉर्मल. काहीच वाटलं नसतं तर मी म्हटलं असतं काहीतरी गडबड आहे.

माझी पहिली ५ तास ५२ मिनिटांची. वेळ आधीच सांगून टाकते, ज्यांना नाकं मुरडायचीत त्यांनी इथेच मुरडा. तिसाव्या किमीपर्यंत मी मजेत होते, फोटोवाला दिसला की अंगठा दाखवत होते. बत्तिसाव्याला पाय गेले. दुखत वगैरे नव्हते, नुसते गेले, कुणी मेन स्विच पाडावा तसे. यालाच वॉल म्हणतात, शरीरातला ग्लायकोजनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा तिथवर संपत येतो, सुरुवातीला जोशात सुटलात तर अजून लवकर, हे सगळं मला तोंडपाठ होतं आणि त्या क्षणी त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. खाली बसले तर उठणार नाही एवढं कळत होतं म्हणून चालायला लागले. मग या खांबापासून त्या खांबापर्यंत पळायचं, पुढच्या खांबापर्यंत चालायचं, असे उरलेले दहा किमी. घाम वाळून गालावर मीठ साचलं होतं, हात फिरवला की खरखरायचं.

फिनिशला रडले नाही. मेडल गळ्यात पडलं तेव्हाही नाही. बुटाच्या नाडीत ओवलेली टायमिंग चिप परत द्यायची होती आणि मला वाकताच येईना. दोनदा बघितलं वाकून. तिथला एक व्हॉलंटियर, माझ्या मुलाएवढा असेल, काही न बोलता खाली बसला, ओल्या नाडीची गाठ नखांनी सोडवली, चिप काढली आणि परत बांधून दिली, डबल गाठ मारून. तिथे मी जी सुरू झाले ती थांबेचना. तो बिचारा घाबरून, "काकू, डॉक्टरांना बोलवू का?"

आणि घरी आल्यावर माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचं पहिलं वाक्य काय, तर "चाललीस ना मधे? मग मॅरेथॉन पळाले म्हणू नकोस, पूर्ण केली म्हण." तो स्वतः चार तासांत पळतो. सहा वर्षं झाली, अजून डोक्यातून जात नाही.

तुमच्या रिकामेपणातही असं कुणाचं बोलणं अडकलंय का ते बघा एकदा. मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं, आता देते. चालायला नियमात बंदी नाही. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, म्हणजे हे ४२.१९५ किमीचं अंतर आलं तेच ऑलिंपिक, इटलीचा धावपटू डोरांडो पिएट्री स्टेडियममध्ये सगळ्यात आधी शिरला, उलट्या दिशेला वळला, पुन्हा पुन्हा पडला, शेवटच्या साडेतीनशे मीटरला त्याला जवळपास दहा मिनिटं लागली. बाद झाला, पण का? लोकांनी धरून उठवलं, रेषेपार नेलं म्हणून. हळू आला म्हणून नाही. मला कुणी धरलं नव्हतं, दादा.

असो. चार-पाच महिने अख्खा आठवडा त्या एका लाँग रनभोवती, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब पळण्याभोवती, फिरत असतो, आणि मग एका सकाळी ते सगळं संपतं, तर रिकामं वाटणारच की. मी तर दोन दिवसांनी पहाटे साडेचारला उठून बसले होते, अलार्म नाही, कुठे जायचं नाही, आणि जिना उतरायचा तर उलटं तोंड करून. लोक सांगतात लगेच दुसरी रेस बुक करा, बरं वाटतं. अजिबात ऐकू नका. मी केली होती, तीन महिन्यांनंतरची, कुणासाठी ते कळलंच असेल, आणि पोटरी अशी धरली की स्टार्टलाही पोचले नाही.

दुसरीला किमान पाच-सहा महिने जाऊ द्या. पहिले दोन आठवडे चाला, झोपा, बस. हां, लघवी गडद तपकिरी होत असेल तर हे उत्तर बंद करा आणि डॉक्टरकडे पळा. मन तीन-चार आठवड्यांनंतरही तसंच राहिलं तरीही कुणाला तरी दाखवा, सगळंच मॅरेथॉनच्या नावावर खपवू नका. आणि काळं पडलेलं नख ओढू नका, आपोआप गळतं.