नास्तिकाचा ‘अस्ति’

प्रश्न आलाय तो असा : ‘अस्तित्ववाद’ म्हणजे अस्तित्वासाठीची झुंज का? आणि हा शब्द निघाला की पाठोपाठ दुसरं महायुद्ध का निघतं?

झुंज नाही. निवडणुकीच्या बातम्यांत एखाद्या पक्षाची ‘अस्तित्वाची लढाई’ चाललेली असते, तिथे प्रश्न टिकायचा असतो. इथे, म्हणजे अस्तित्ववाद नावाच्या तत्त्वज्ञानात, तो नुसत्या असण्याचा आहे. ‘अस्ति’ म्हणजे ‘आहे’. त्याला ‘त्व’ लागलं की झालं ‘आहेपण’. ‘आस्तिक’ हा शब्दही ह्याच ‘अस्ति’वरून आलेला. त्यामुळे ह्या विचाराचा सर्वांत गाजलेला फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र, त्याला मराठीत ‘नास्तिक अस्तित्ववादी’ म्हणताना एका दमात ‘नाही’ आणि ‘आहे’ दोन्ही म्हणावं लागतं. फ्रेंचांना ही मजा नाही.

आता युद्ध. विचार जुनाच आहे, बोलबाला तेवढा युद्धानंतरचा. त्याचा आद्य मानला जाणारा डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्द १८५५ मध्येच वारला होता. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरचा मुख्य ग्रंथ १९२७ चा. सार्त्रचा जाडजूड ग्रंथ १९४३ चा, म्हणजे पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असतानाचा. ‘अस्तित्ववादी’ हे बिरुद त्याला गाब्रिएल मार्सेल ह्या फ्रेंच तत्त्वज्ञाने चिकटवलं; आधी सार्त्रने ते झटकलं, मग स्वीकारलं. फ्रेंच लेखक काम्यूने मात्र कधीच लावून घेतलं नाही.

२९ ऑक्टोबर १९४५ ला सार्त्रने पॅरिसमध्ये व्याख्यान दिलं. तोबा गर्दी होती. कागद कापायची सुरी घडवणाऱ्याला ती कशासाठी हे आधीच ठाऊक असतं. माणूस मात्र आधी असतो, मग स्वतःला घडवतो, असं त्याने सांगितलं. पुढे एका विद्यार्थ्याची गोष्ट आली. थोरला भाऊ १९४० च्या जर्मन चढाईत मारला गेलेला, आईला आता हा एकटाच. इंग्लंड गाठून फ्रेंच फौजेत जावं की आईजवळ राहावं? सार्त्रचं उत्तर : तू मोकळा आहेस, निवड कर.

एरवी हे उत्तर हात झटकल्यासारखं वाटेल. पण चार वर्षं परक्या अंमलाखाली काढलेल्या शहरात गप्प बसायचं, हातमिळवणी करायची की पत्रकं वाटायची, हे ज्याचं त्याला ठरवावं लागलं होतं. तिथल्या लोकांना हा शब्द समजावून सांगायची गरजच नव्हती.

जाता जाता : हल्ली भाषांतरित मजकुरात इंग्रजी ‘existential threat’साठी ‘अस्तित्ववादी धोका’ दिसतो. तो धोका काही सार्त्र वाचून आलेला नसतो. ‘अस्तित्वालाच धोका’ म्हणा की सरळ!