वाचकांचे प्रश्न : भट्टीतून काढलेले तंतू चुरा का होतात?

प्रश्न : उष्णतारोधासाठी सोल-जेल पद्धतीने (द्रावण आटवून, तंतू ओढून, मग भाजून) मुलाइटचे, म्हणजे अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड) आणि सिलिका यांच्या संयुगाचे, तंतू बनवतो. ओले असताना ते कापसासारखे मऊ असतात. मिनिटाला १० अंशांनी तापवून १४०० अंशांवर चार तास ठेवले, की हात लावताच भुगा होतो. मुळात सिरॅमिक लवचीक होऊ शकते का?

उत्तर : होते, पण ते बारीकपणामुळे. पदार्थ ठिसूळच राहतो. ३ मायक्रॉनचा तंतू १ मिलिमीटर त्रिज्येत वाकवला, तर त्याची बाहेरची कड फक्त ०.१५ टक्के ताणली जाते. ३० मायक्रॉनच्या तंतूत हाच आकडा १.५ टक्के होतो आणि तो तुटतो. म्हणून आधी सूक्ष्मदर्शकाखाली जाडी मोजा. ३ ते ५ मायक्रॉन हवी.

व्यास ठीक असेल, तर दोष भाजण्यात आहे. सुकलेल्या अ‍ॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेटचे (तंतूला अ‍ॅल्युमिना पुरवणाऱ्या रसायनाचे) सुमारे निम्मे वजन पाणी आणि हायड्रोजन क्लोराइड होऊन उडते, बाइंडरही (मिश्रण बांधून ठेवणारे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) जळतो. हे सारे घाईने बाहेर पडले की तंतूत भेगा आणि पोकळ्या राहतात. ६०० अंशांपर्यंत मिनिटाला १ ते २ अंशच चढवा, पुढे ५ चालतील. १२५० अंशांवर एक तास पुरे. १४०० अंशांवर चार तासांत स्फटिककण एवढे वाढतात, की बारीक तंतूच्या जाडीत मोजकेच कण उरतात आणि त्यांच्या सीमेवर तो मोडतो. बाहेर पडणारा वायू आम्लधर्मी आहे. तो कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून जाऊ द्या, नाहीतर भट्टीचे धातूचे भाग गंजतील.

मिश्रणाचे प्रमाणही तपासा. २३ टक्के अ‍ॅल्युमिना असलेले क्लोरोहायड्रेटचे द्रावण १०० ग्रॅम, ३० टक्के सिलिका सोल (पाण्यात तरंगणारे सिलिकाचे अतिसूक्ष्म कण) ३० ग्रॅम आणि १० टक्के पॉलिव्हिनाइल अल्कोहोल २० ग्रॅम घेतले, की अ‍ॅल्युमिना-सिलिका प्रमाण साधारण ७२:२८ येते. सिलिका सोल आम्लधर्मीच घ्या. बाजारात सहज मिळणारा अल्कधर्मी सोल ओतताच गुठळ्या होतात, शिवाय त्यातला सोडियम तंतूची उष्णता सोसण्याची ताकद घटवतो.

मिश्रण ५०-६० अंशांवर निर्वातात आटवा. काचेची कांडी उचलल्यावर एकतारी पाकासारखी लांब, न तुटणारी तार यायला हवी. तार लगेच तुटली, तर फिरत्या चकतीतून तंतूऐवजी थेंब उडतात. हेच थेंब घट्ट होऊन कापसात गोळ्या राहतात. चकतीचे काम म्हातारीचे केस बनवणाऱ्या यंत्रासारखेच, पण इथे हवा कोरडी हवी. क्लोरोहायड्रेट ओल शोषून घेते; कोकणात पावसाळ्यात खोलीची आर्द्रता यंत्राने उतरवल्याशिवाय ओले तंतू एकमेकांना चिकटतील. उलट हवा फारच कोरडी असली, तर धार ताणली जाण्याआधीच वाळते आणि तंतू जाड निघतात.

प्रश्न : आमच्या भट्टीला १२६० ग्रेडचे सिरॅमिक ब्लँकेट (सिरॅमिक तंतूंचे उष्णतारोधक अस्तर) आहे. भट्टी १२०० अंशांवर सतत चालते. वर्षभरात ब्लँकेट आकसून कडक झाले. माल खराब होता का?

उत्तर : माल खराब असेलच असे नाही. १२६० हा वर्गीकरणाचा आकडा आहे, सतत वापराचा नव्हे. हे तंतू काचेसारखे असतात. ९८० अंशांच्या आसपास त्यांत मुलाइटचे स्फटिक आणि पुढे क्रिस्टोबलाइट (सिलिकाचे एक स्फटिकरूप) तयार होऊ लागते. त्यामुळे ते आकसतात, ठिसूळ होतात. तुमच्या तापमानाला आतल्या तोंडावर झिर्कोनियायुक्त १४२५ ग्रेड किंवा बहुस्फटिकी अ‍ॅल्युमिनाचा थर द्या.

जुने ब्लँकेट काढताना मात्र सांभाळा. क्रिस्टोबलाइटची धूळ फुफ्फुसांना फार घातक आहे. आधी भट्टी पूर्ण थंड करा, पाण्याचा हलका फवारा मारा, नीट बसणारा एन-९५ किंवा त्याहून वरचा मास्क लावा, तुकडे ओले असतानाच पिशवीत बंद करा. कोरडा झाडू मारू नका.