मेकॅनिकल इंजिनिअरनं पाणबुड्यांच्या टेस्टिंगमध्ये जावं का?

तुम्ही विचारलंय की मुंबईत नव्या पाणबुड्यांच्या टेस्टिंगचं काम एका ठेकेदाराकडून मिळतंय, पण मित्र म्हणतात त्यात इंजिनिअरिंग नाही, नुसत्या सह्या आहेत, तर जावं का?

जा. 'नुसत्या सह्या' हे शब्द वाचूनच मी उत्तर लिहायला बसलो. माझा मोठा भाऊ डिझाइनमध्ये आहे. दर गणपतीत घर भरलेलं असताना तो मला हेच ऐकवतो.

मी दारुखान्याजवळ एका ठेकेदाराकडे होतो. बोटीत (पाणबुडीला आम्ही बोटच म्हणतो) बसवायचे समुद्राच्या पाण्याचे पाइप आमच्या शेडमध्ये हायड्रो टेस्ट, म्हणजे पाणी भरून दाबाची चाचणी, होऊन पुढे जायचे. जानेवारीतली रात्र होती. पाइप भरला, हवा काढली, दाब चढवला, व्हॉल्व्ह बंद केला. तासाभरात दाबाचा काटा उतरायला लागला, अगदी किंचित. सुपरवायझर म्हणाले, "गारठा पडलाय, पाणी आकसलं. सही कर, सकाळी सातला गाडी येतेय." त्यांचं म्हणणं अशक्य नव्हतं. बंद पाइपातलं पाणी एखाद्या डिग्रीनं गार झालं तरी काटा हलतो.

मी सही केली नाही. पाइपाला थर्मामीटर चिकटवला आणि दर पंधरा मिनिटांनी दाब आणि तापमान शेजारी शेजारी लिहीत बसलो. पहाटेपर्यंत दोन्ही आकडे जोडीनं उतरत होते, म्हणजे साहेबांचंच खरं वाटत होतं. सातला गाडी येऊन उभी राहिली. काय काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. आठनंतर पत्र्यावर ऊन आलं, पाइप तापू लागला. तापमान चढलं, दाब मात्र उतरतच राहिला. आता गारठ्याचं कारण उरलं नाही. फ्लँजच्या, म्हणजे पाइपाच्या जोडावरच्या चकतीच्या, खालच्या अंगाला बोट फिरवलं तेव्हा ओल लागली. जोडातून पाणी गळू नये म्हणून घालतात ते गॅस्केट सरकून बसलं होतं.

१०० मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० किलो दाब असतो, आणि हे पाइप तो दाब थेट बोटीच्या पोटात आणतात. त्याच पोटात माणसं झोपतात. दादा, तुझ्या ड्रॉइंगमध्ये ते गॅस्केट मधोमधच होतं. डिझाइनला मी कमी लेखत नाही, पण कागदावरचं लोखंडात खरंच उतरलंय का हे पाहणारा माणूस इंजिनिअर नाही, असं पुन्हा म्हणू नकोस.

तुमच्या करिअरचं म्हणाल तर ठेकेदाराकडे पगार कमी असतो, आणि नव्या बोटींच्या ऑर्डरी सलग येत नाहीत. मुंबईत बांधलेली 'शंकुल' १९९४ साली नौदलात आली, त्यानंतरची 'कलवरी' थेट २०१७ साली. कलवरीच्या मालिकेतली सहावी आणि शेवटची 'वाघशीर' जानेवारी २०२५ मध्ये दाखल झाली. त्यामुळे हो म्हणण्याआधी ठेकेदाराच्या हातात पुढचं काम कोणतं आहे ते स्पष्ट विचारा. वेल्डिंग तपासणीचं सर्टिफिकेटही करून ठेवा, ते रिफायनरीतही चालतं. अडचणीच्या जागेत जीव घाबरत असेल तर मात्र बोटीच्या आतलं काम घेऊ नका, शेडमधलं मागा.

आणि थर्मामीटर स्वतःचा न्या. मागितला तेव्हा आमच्या शेडमध्ये नव्हता, मी रात्री अकराला शेजारच्या वर्कशॉपमधून आणला होता.