सुगम्य (अपंगांनाही वापरता येतील अशी) संकेतस्थळे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : पानावरील प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर (चित्राचे शब्दांतले वर्णन) द्यावाच लागतो का?

उत्तर : अर्थ सांगणाऱ्या चित्राला द्यावा. निव्वळ सजावटीच्या चित्राचे ‘ऑल्ट’, म्हणजे कोडमधली या मजकुराची जागा, रिकामे ठेवावे. ते गाळू मात्र नये, कारण गाळल्यास काही स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर) फाइलचे नावच वाचून दाखवतात.

प्रश्न : पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे चालतील का?

उत्तर : नजरेने ठरवू नका, मोजा. डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांच्या ‘एए’ या मधल्या पातळीसाठी साध्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट (अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर) किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांचा ३:१ लागतो.

प्रश्न : कोडची एक ओळ टाकली की संकेतस्थळ आपोआप सुगम्य करणारे विजेट मिळते, असे ऐकले. घ्यावे का?

उत्तर : ‘ऐकले’ आहे ते बहुधा विक्रेत्याकडूनच. दर आठवड्याला हाच प्रश्न येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कोपऱ्यातले ते बटण अक्षरे मोठी करते, रंग बदलते, मजकूर वाचून दाखवते. पण ज्यांना याची गरज असते त्यांच्या संगणकात, ब्राउझरमध्ये किंवा स्क्रीन रीडरमध्ये ही सोय आधीच असते आणि ती त्यांच्या सवयीची असते. खरे दोष मूळ कोडमध्ये असतात : लेबल नसलेले रकाने, टॅब कीने जेथे पोहोचताच येत नाही अशी बटणे, नुसती अक्षरे ठळक करून उभे केलेले मथळे. विजेट यांतील काहींवर वरून अंदाजाने ठिगळ लावते, अंदाज अनेकदा चुकतो, आणि काही वेळा ते वापरणाऱ्याच्या स्क्रीन रीडरच्याच आड येते. अशा दाव्यांपायी अमेरिकेत २०२५ साली एका विक्रेत्या कंपनीवर दहा लाख डॉलर भरण्याची पाळी आली. तेव्हा करारावर सही करण्यापूर्वी तुमचे संकेतस्थळ एखाद्या स्वतंत्र सुगम्यता परीक्षकाला आणि रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दोघा-तिघांना दाखवा, त्यांच्या वेळेचे मानधन द्या, आणि मगच निर्णय घ्या.

प्रश्न : स्वयंचलित तपासणीत शंभरपैकी शंभर गुण मिळाले. काम संपले ना?

उत्तर : नाही. पर्यायी मजकूर आहे की नाही हे साधन सांगते. तो त्या चित्राला लागू पडतो का, हे माणसालाच पाहावे लागते. आज माउस बाजूला ठेवून केवळ कीबोर्डवर एक अर्ज पूर्ण भरून पाहा, आणि जेथे अडाल ती जागा टिपून परीक्षकाला विचारा.

प्रश्न : नवे संकेतस्थळ दोन महिन्यांत सुरू होईल, सुगम्यता दुसऱ्या टप्प्यात घेतली आहे. योग्य आहे का?

उत्तर : माझ्या अनुभवात हा दुसरा टप्पा क्वचितच उजाडतो. आराखडा हातात असताना रकान्याला लेबल जोडणे मिनिटांचे काम असते, पुढे त्याच कामासाठी प्रत्येक अर्ज पुन्हा उघडून तपासावा लागतो. परीक्षकाला याच आठवड्यात बोलवा आणि नोंदणीचा अर्ज व पैसे भरण्याचे पान त्याला सर्वांत आधी दाखवा.